डेनिस लो

डेनिस लो यूक-मिंग (जन्म: १२ ऑक्टोबर १९६३, हाँगकाँग) हे रेण्वीय जीवशास्त्रज्ञ आणि रासायनिक विकृतिशास्त्राचे प्राध्यापक आहेत. गर्भवती स्त्रीच्या रक्तद्रवात (प्लाझ्मात) गर्भाचा डीएनए पेशींच्या बाहेर, मोकळ्या तुकड्यांच्या रूपात असतो, हे त्यांनी ऑक्सफर्डमधील सहकाऱ्यांसह १९९७ मध्ये दाखवून दिले. गर्भाशयात सुई न घालता, केवळ आईच्या दंडातून काढलेल्या रक्तावर केली जाणारी प्रसवपूर्व चाचणी या शोधावर उभी आहे. ही चाचणी जगभर 'एनआयपीटी' या लघुनामाने ओळखली जाते. गर्भाचा रक्तगट ओळखणे, डाऊन सिंड्रोमची चाळणी, थॅलेसेमियासारख्या एकजनुकीय विकारांचा शोध, प्रीएक्लॅम्प्सिया व अकाली प्रसूती यांसारख्या गुंतागुंतींचा अभ्यास आणि पुढे कर्करोगाचे लवकर निदान अशा अनेक दिशांनी त्यांचे संशोधन विस्तारले. जानेवारी २०२५ पासून ते चायनीज युनिव्हर्सिटी ऑफ हाँगकाँगचे कुलगुरू आहेत.

== शिक्षण व सुरुवातीचे संशोधन ==

लो यांचे शालेय शिक्षण हाँगकाँगमधील सेंट जोसेफ्स कॉलेजमध्ये झाले. त्यानंतर ते इंग्लंडला गेले. केंब्रिज विद्यापीठाच्या इमॅन्युएल कॉलेजमधून त्यांनी १९८६ मध्ये पदवी घेतली आणि वैद्यकाचे रुग्णालयीन शिक्षण ऑक्सफर्ड विद्यापीठात १९८९ मध्ये पूर्ण केले. डॉक्टरेटही त्यांनी ऑक्सफर्डमधूनच मिळवली.

त्यांच्या विद्यार्थिदशेतच 'पॉलिमरेज चेन रिॲक्शन' म्हणजे पीसीआर ही पद्धत प्रयोगशाळांमध्ये रुळू लागली होती. नमुन्यात डीएनएच्या एखाद्या विशिष्ट भागाच्या मोजक्याच प्रती असल्या, तरी या पद्धतीने त्या कोट्यवधी पटींनी वाढवून ओळखता येतात. इतक्या संवेदनशील साधनाने आईच्या रक्तातील गर्भाच्या पेशी सापडतील का, हा प्रश्न लो यांनी वैद्यकाचे विद्यार्थी असतानाच हाती घेतला. आईच्या शरीरात वाय गुणसूत्र नसते. त्यामुळे तिच्या रक्तात वाय गुणसूत्राचा डीएनए मिळाला, तर तो पोटातील मुलग्याकडूनच आला असला पाहिजे, असा यामागचा साधा तर्क होता. जेम्स वेन्सकोट, केनेथ फ्लेमिंग आदींसह केलेले हे काम १९८९ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

वैद्यकीय विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे मोठे यश होते, परंतु ही वाट पुढे फार लांब जाणारी नव्हती. आईच्या रक्तात गर्भाच्या पेशी असतात, पण त्यांची संख्या अत्यल्प असते. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये आईच्या लाखो पांढऱ्या पेशींमध्ये गर्भाची एखादीच पेशी मिळते, कधी तीही मिळत नाही. त्या वेगळ्या काढण्यासाठी अनेक देशांतील प्रयोगशाळांनी पुढील दशकभर खटपट केली. लो यांनीही जवळपास आठ वर्षे याच दिशेने प्रयत्न केले. रुग्णालयात रोज वापरता येईल अशी विश्वासार्ह पद्धत मात्र त्यातून निघाली नाही.

== हे काम का महत्त्वाचे होते ==

त्या काळी गर्भाच्या गुणसूत्रांविषयी खात्रीची माहिती मिळवण्याचे दोनच प्रमुख मार्ग होते: गर्भजल तपासणी आणि वारेच्या ऊतीचा तुकडा काढून केलेली तपासणी. दोन्हींत सुई किंवा नळी गर्भाशयापर्यंत न्यावी लागते आणि दोन्हींत गर्भपाताचा धोका असतो. साधारण १०० ते २०० प्रक्रियांमागे एक गर्भपात, असा अंदाज त्या वेळी स्त्रियांना सांगितला जाई. पुढील काळातील अभ्यासांनी हा धोका त्याहून बराच कमी ठरवला आहे.

या धोक्यामुळे तपासणी सरसकट सर्वांची करता येत नसे. प्रथम आईचे वय, सोनोग्राफीत दिसणारी गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी आणि आईच्या रक्तातील काही प्रथिनांचे प्रमाण यांवरून धोका वर्तवायचा आणि तो अधिक वाटला तरच सुई वापरायची, अशी पद्धत रूढ झाली. पहिल्या तिमाहीतील ही एकत्रित चाळणी डाऊन सिंड्रोमची सुमारे ८५ ते ९० टक्के प्रकरणे पकडते. परंतु त्यासाठी सुमारे ५ टक्के, म्हणजे वीसांतल्या एका निरोगी गर्भाच्या आईला 'धोका अधिक' असे सांगावे लागते. या स्त्रियांपुढे दोनच पर्याय उरत: गर्भ गमावण्याची जोखीम पत्करणे किंवा उत्तराविना उरलेले महिने काढणे. लो यांच्या संशोधनाचे मोल कळण्यासाठी ही कोंडी लक्षात घ्यावी लागते.

== १९९७ चा शोध ==

रक्तातील पेशीबाह्य न्यूक्लिइक आम्लांचा पहिला उल्लेख १९४८ मध्ये फ्रान्समधील मांदेल व मेते या संशोधकांनी केला होता. त्यानंतर बराच काळ त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९९६ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये दोन लेख प्रसिद्ध झाले. कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात व रक्तजलात गाठीचा डीएनए सापडतो, असे त्यांत दाखवले होते. हे लेख लो यांच्या वाचनात आले, तेव्हा ऑक्सफर्डमधील वास्तव्य संपवून हाँगकाँगला परतण्याची त्यांची तयारी चालू होती. गर्भाशयाच्या भित्तीत रुजणारी आणि आईच्या रक्तपुरवठ्यावर वाढणारी वार काही बाबतींत गाठीसारखी वागते. एवढीशी गाठ जर रक्तात डीएनए सोडत असेल, तर तिच्याहून कितीतरी मोठा गर्भ व त्याची वार का सोडणार नाही, असा प्रश्न त्यांना पडला.

हा विचार आज सहज सुचण्यासारखा वाटतो. तेव्हा मात्र तो रूढ पद्धतीच्या अगदी उलट होता. गर्भाच्या पेशी शोधणाऱ्या प्रयोगशाळांत रक्ताचा नमुना चक्रगतीने फिरवून पेशी तळाशी बसवल्या जात आणि वरचा पिवळसर रक्तद्रव ओतून दिला जाई. लो यांनी हा टाकाऊ समजला जाणारा भागच तपासायला घेतला. त्यातून डीएनए मोकळा करण्याची पद्धतही त्यांनी आरंभी अगदी साधी ठेवली: रक्तद्रव काही मिनिटे उकळायचा आणि वर उरलेल्या द्रवावर पीसीआर करायचे. झटपट नूडल्स शिजवताना ही कल्पना सुचली, असे लो यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे.

१६ ऑगस्ट १९९७ च्या 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात ४३ गर्भवतींच्या नमुन्यांचे निष्कर्ष दिले होते. त्यांपैकी ३० जणींच्या पोटी मुलगा होता. या तिसांपैकी २४ जणींच्या (८० टक्के) रक्तद्रवात आणि २१ जणींच्या (७० टक्के) रक्तजलात वाय गुणसूत्राचा डीएनए सापडला, आणि तोही अवघ्या १० मायक्रोलिटर नमुन्यात. तेवढ्याच रक्तातील पेशींमधून काढलेल्या डीएनएत तो केवळ ५ जणींमध्ये (१७ टक्के) सापडला. मुलगी असलेल्या १३ जणींमध्ये आणि गर्भवती नसलेल्या स्त्रियांमध्ये तो एकदाही आढळला नाही. पेशींच्या मागे गेलेली आठ वर्षे आणि ओतून दिलेला रक्तद्रव यांतील फरक या आकड्यांत दिसतो. या लेखाच्या लेखकांत वेन्सकोट यांच्यासह प्रीएक्लॅम्प्सियाचे ऑक्सफर्डमधील अभ्यासक ख्रिस्तोफर रेडमन व इयन सार्जंट यांचाही समावेश होता.

१९९७ च्या आरंभी लो हाँगकाँगला परतले आणि शा टिन येथील प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयात, चायनीज युनिव्हर्सिटीच्या रासायनिक विकृतिशास्त्र विभागात रुजू झाले. त्यांचे पुढील जवळजवळ सर्व महत्त्वाचे काम तेथेच झाले.

== मोकळ्या डीएनएचे गुणधर्म ==

डीएनए सापडला एवढ्यावर वैद्यकीय चाचणी उभी राहत नाही. तो किती असतो, कुठून येतो आणि किती काळ टिकतो, हे ठरवणे आवश्यक होते. १९९८ मध्ये लो यांच्या गटाने आईच्या रक्तद्रवातील एकूण डीएनएत गर्भाचा वाटा गरोदरपणाच्या सुरुवातीच्या काळात सरासरी ३.४ टक्के व अखेरच्या काळात ६.२ टक्के असल्याचे मोजले. नंतरच्या अधिक अचूक पद्धतींनी हा वाटा आणखी मोठा, दहाव्या आठवड्यानंतर बहुधा १० टक्क्यांच्या आसपास, असल्याचे दिसले. गर्भाच्या पेशींच्या शोधात लाखांत एक असा हिशेब असे, तो इथे दहांत एकावर आला.

१९९९ मध्ये त्यांनी प्रसूतीनंतर लगेच वारंवार रक्त घेऊन हा डीएनए किती वेगाने नाहीसा होतो ते पाहिले. त्याचा अर्धायुकाल सरासरी १६.३ मिनिटे निघाला. काही तासांत तो रक्तातून जवळपास पूर्ण नाहीसा होतो. व्यवहारात याला फार महत्त्व आहे. गर्भाच्या काही पेशी आईच्या शरीरात वर्षानुवर्षे टिकून राहू शकतात, त्यामुळे सापडलेली पेशी आधीच्या बाळंतपणातली आहे की आताची, हा संशय राहतो. मोकळ्या डीएनएबाबत तो राहत नाही.

हा डीएनए मुख्यतः गर्भाच्या शरीरातून येत नसून वारेच्या पेशींतून येतो. २००५ मध्ये लो यांच्या गटाने 'मॅस्पिन' या जनुकावरील मिथिल खुणांचा वारेतील आकृतिबंध आईच्या रक्तद्रवात ओळखला. मुलगा असो वा मुलगी, गर्भाचा डीएनए वेगळा ओळखण्याचे साधन त्यामुळे मिळाले. ज्या गर्भधारणांत वार वाढते पण भ्रूण तयार होत नाही, त्यांतही असा डीएनए आढळतो, या इतरांच्या निरीक्षणानेही याच मताला दुजोरा दिला. 'गर्भाचा डीएनए' हा शब्दप्रयोग म्हणूनच सोयीचा असला तरी पूर्ण अचूक नाही. एनआयपीटीच्या बहुतेक मर्यादांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

== रक्तगटाची चाचणी ==

या शोधाचा पहिला ठोस वैद्यकीय उपयोग गुणसूत्रांच्या दोषांसाठी नव्हे, तर आरएच रक्तगटासाठी झाला. आई आरएच-निगेटिव्ह आणि गर्भ आरएच-पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे गर्भाच्या तांबड्या पेशी नष्ट करू शकतात. आईच्या जनुकसंचात संबंधित जनुक नसते, म्हणून तिच्या रक्तद्रवात ते मिळाले तर गर्भ पॉझिटिव्ह आहे हे उघड होते. लो व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ५७ आरएच-निगेटिव्ह स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे डेन्मार्कने २०१० मध्ये व नेदरलँड्सने २०११ मध्ये सर्व आरएच-निगेटिव्ह गर्भवतींसाठी अशी चाचणी सुरू केली. त्यामुळे निगेटिव्ह गर्भ असलेल्या स्त्रियांना अनावश्यक अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागत नाही.

== डाऊन सिंड्रोम: मोजणीचा प्रश्न ==

आईकडे मुळीच नसलेली गोष्ट तिच्या रक्तात शोधणे तुलनेने सोपे होते. डाऊन सिंड्रोम मात्र वेगळ्याच प्रकारचा प्रश्न होता. त्यात गर्भाकडे २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. हे गुणसूत्र आईकडेही असते, त्यामुळे ते 'आहे की नाही' हा प्रश्न निरर्थक ठरतो. ते किती आहे, हे मोजावे लागते.

या मोजणीतील अडचण उदाहरणाने स्पष्ट होईल. रक्तद्रवातील डीएनएत वारेचा वाटा १० टक्के धरू. सर्वसाधारण गर्भ असताना एका ठरावीक नमुन्यात २१ व्या गुणसूत्राचे १००० तुकडे मिळत असतील, तर त्यांतील ९०० आईचे व १०० वारेचे असतील. गर्भात तिसरी प्रत असेल तर वारेचे १०० ऐवजी १५० होतील आणि एकूण संख्या १०५० होईल. म्हणजे फरक केवळ ५ टक्क्यांचा. त्या काळच्या पीसीआर पद्धतींना तो खात्रीने पकडता येत नव्हता.

लो यांच्या गटाने या अडचणीवर दहा वर्षे निरनिराळ्या बाजूंनी काम केले. केवळ वारेतच कार्यरत असणाऱ्या जनुकांचा आरएनए मोजला तर आईचा वाटा आपोआपच वगळला जाईल, ही त्यांतील एक कल्पना होती. वारेचा संदेशवाहक आरएनए आईच्या रक्तद्रवात टिकून असतो, हे त्यांनी २००३ मध्ये दाखवले. २००७ मध्ये २१ व्या गुणसूत्रावरील 'पीएलएसी४' जनुकाच्या आरएनएतील दोन रूपांचे परस्परप्रमाण तपासून डाऊन सिंड्रोम ओळखण्याची पद्धत त्यांनी मांडली. ती शास्त्रीयदृष्ट्या सुबक होती, पण आईवडिलांकडून त्या जनुकाची वेगवेगळी रूपे मिळालेल्या गर्भांनाच लागू पडे. त्याच वर्षी त्यांनी डिजिटल पीसीआरचा, म्हणजे एकेक रेणू स्वतंत्रपणे मोजण्याच्या पद्धतीचा, मार्ग सुचवला.

खरी कोंडी फुटली ती डीएनएचे प्रचंड प्रमाणावर समांतर क्रमनिर्धारण करणाऱ्या यंत्रांमुळे. रक्तद्रवातील लक्षावधी तुकडे सरसकट वाचायचे, प्रत्येक तुकडा कोणत्या गुणसूत्राचा ते संगणकावर ताडून पाहायचे आणि २१ व्या गुणसूत्राचा वाटा अपेक्षेपेक्षा जास्त भरतो का ते तपासायचे. एखादा तुकडा आईचा की वारेचा, हे ठरवण्याची गरजच यात उरत नाही. लो यांच्या सहकारी रोसा चिउ प्रमुख लेखिका असलेला यासंबंधीचा लेख २००८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्टीफन क्वेक यांच्या गटानेही हीच पद्धत स्वतंत्रपणे मांडली, त्यामुळे या टप्प्याचे श्रेय दोन्ही गटांना दिले जाते.

२०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये चिउ, लो व सहकाऱ्यांनी मोठ्या प्रमाणावरील पडताळणी सादर केली. डाऊन सिंड्रोमचा धोका अधिक असलेल्या ७५३ गर्भवतींपैकी ८६ जणींच्या गर्भांत तो दोष होता. अधिक अचूक पद्धतीने तपासलेल्या नमुन्यांत तो असलेला एकही गर्भ निसटला नाही आणि दोष नसलेल्यांपैकी ९७.९ टक्के गर्भ तसेच ओळखले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत अशी चाचणी बाजारात आली. नेदरलँड्समध्ये २०१७ पासून ती सर्वच गर्भवतींना पहिली चाळणी म्हणून उपलब्ध झाली.

== गर्भाचा संपूर्ण जनुकसंच ==

एकजनुकीय विकारांसाठी केवळ गुणसूत्र मोजून भागत नाही. डीएनएतील एखाद्या अक्षराचा बदल गर्भाकडे आला आहे की नाही, ते पाहावे लागते. बदल वडिलांचा असेल तर तो शोधणे सोपे, कारण आईकडे तो नसतो. आईचा बदल गर्भाकडे गेला का, हे ओळखणे मात्र फार अवघड, कारण तिच्या स्वतःच्या डीएनएत तो भरपूर असतोच. 'हॅरी पॉटर' मालिकेतील एक त्रिमितीय चित्रपट पाहताना पडद्यावर पुढे सरकत येणाऱ्या इंग्रजी 'एच' अक्षराच्या दोन उभ्या रेघा आपल्याला गुणसूत्रांच्या जोडीसारख्या वाटल्या आणि त्यातून उत्तर सुचले, अशी आठवण लो सांगतात. आईच्या गुणसूत्रजोडीतील दोन्ही गुणसूत्रांचे लांब पट्टे एकमेकांशी तोलायचे. जो पट्टा गर्भाला मिळाला असेल, त्याचे तुकडे रक्तद्रवात किंचित अधिक भरतात.

डिसेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील दांपत्यापैकी आई व वडील दोघेही बीटा थॅलेसेमियाचे वाहक होते, पण त्यांच्या जनुकांतील बदल वेगवेगळे होते. गर्भाला वडिलांचा सदोष भाग मिळाला असून आईचा मिळालेला नाही, म्हणजे तो आजारी नसून केवळ वाहक आहे, असा निष्कर्ष निघाला. मात्र या पहिल्या प्रयोगात आईच्या पट्ट्यांची मांडणी ठरवण्यासाठी वारेच्या ऊतीच्या नमुन्याचा आधार घ्यावा लागला होता. त्यामुळे हे काम म्हणजे तयार चाचणी नव्हती, तर तत्त्वाची सिद्धता होती.

याच अभ्यासात तुकड्यांच्या लांबीचाही नकाशा मिळाला. एकूण डीएनएत १६६ आधारजोड्यांचे तुकडे सर्वांत जास्त, तर गर्भाच्या डीएनएत १४३ आधारजोड्यांचे तुकडे ठळक आढळले. पेशी मरताना डीएनए प्रथिनांभोवती ज्या रीतीने गुंडाळलेला असतो, त्यावरून तो कुठे तुटायचा हे ठरते. या तुटण्याच्या रीतीचा अभ्यास पुढे लो यांच्या संशोधनाची एक स्वतंत्र शाखा बनला.

== गरोदरपणातील गुंतागुंती ==

एनआयपीटीच्या प्रसिद्धीमुळे लो यांच्या कामाची ही बाजू काहीशी झाकली गेली आहे. प्रीएक्लॅम्प्सिया या विकारात गरोदरपणाच्या उत्तरार्धात रक्तदाब वाढतो, बहुधा लघवीतून प्रथिने जाऊ लागतात आणि वेळीच उपाय न झाल्यास झटके येऊन माता व बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. या विकाराचे मूळ वारेच्या सदोष रुजण्यात असल्याचे मानले जाते. वारेवर ताण आला की तिच्या पेशी अधिक प्रमाणात मरतात आणि त्यांचे अवशेष आईच्या रक्तात येतात. असे असेल तर तो ताण डीएनएच्या प्रमाणावरून मोजता यायला हवा.

१९९९ मध्ये लो, रेडमन व सहकाऱ्यांनी प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रियांच्या रक्तात गर्भाचा डीएनए इतर गर्भवतींच्या तुलनेत सुमारे पाचपट असल्याचे दाखवले. २००१ मध्ये त्यांच्या गटाने पुढची पायरी गाठली: ज्या स्त्रियांना नंतर हा विकार झाला, त्यांच्या रक्तात लक्षणे दिसण्यापूर्वीच हे प्रमाण वाढलेले होते. अकाली प्रसूतिवेदना सुरू झालेल्या आणि खरोखरच मुदतीपूर्वी प्रसूत झालेल्या स्त्रियांतही अशी वाढ आढळल्याचे त्यांनी १९९८ मध्ये नोंदवले होते.

तथापि, डीएनएचे नुसते प्रमाण ही प्रीएक्लॅम्प्सियाची नेहमीची चाचणी बनू शकली नाही. निरोगी व आजारी स्त्रियांतील आकडे बऱ्याच अंशी एकमेकांत मिसळतात, आणि वाय गुणसूत्रावर आधारलेली सुरुवातीची मोजणी मुलगा असलेल्या गर्भधारणांपुरतीच शक्य होती. या कामी आज रुग्णालयांत वापरली जातात ती वारेशी निगडित प्रथिनांची मोजमापे आणि रक्तदाब व सोनोग्राफीवर आधारित गणिते.

लो यांच्या गटाने हा प्रश्न तेथेच सोडला नाही. वारेतील कोणत्या प्रकारच्या पेशी बिघडल्या आहेत ते आईच्या रक्तातून ओळखता येईल का, असा प्रश्न त्यांनी पुढे विचारला. २०१७ मध्ये वारेच्या एकेका पेशीतील आरएनएचा नकाशा व आईच्या रक्तद्रवातील आरएनए यांची सांगड घालून त्यांनी दाखवले, की प्रीएक्लॅम्प्सियात गर्भाशयाच्या भित्तीत शिरणाऱ्या वारेच्या पेशींची खूण रक्तात वाढलेली दिसते. २०२१ मध्ये लांब तुकडे वाचू शकणाऱ्या नव्या यंत्रांच्या साहाय्याने आईच्या रक्तद्रवात हजारो आधारजोड्या लांबीचे डीएनएही असतात, हे त्यांच्या गटाने स्पष्ट केले. प्रीएक्लॅम्प्सियात अशा लांब रेणूंचे प्रमाण घटलेले आढळले. यापूर्वीची सर्व यंत्रे छोटेच तुकडे वाचत असल्याने हा भाग नजरेतून सुटला होता.

== चाचणीच्या मर्यादा ==

एनआयपीटी ही चाळणी आहे, निदान नव्हे. तिचा निष्कर्ष सदोष आला तर गर्भजल तपासणीने खात्री करून घेणे आवश्यक असते आणि केवळ तिच्या आधारे गर्भपाताचा निर्णय घेऊ नये, असे वैद्यकीय संघटना सांगतात. याचे एक कारण वर आलेच आहे: तपासला जातो तो वारेचा डीएनए. काही वेळा गुणसूत्राचा दोष वारेपुरताच मर्यादित असतो आणि बाळ निरोगी असते. जुळ्यांपैकी एक गर्भ आरंभीच नष्ट झालेला असणे किंवा आईच्याच काही पेशींत गुणसूत्रांचा दोष असणे, यांमुळेही चुकीचे निष्कर्ष येतात. आईला नकळत झालेला कर्करोग अशा विसंगत निष्कर्षांमुळे उघडकीस आल्याची उदाहरणे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. आईचे वजन फार जास्त असेल तर वारेच्या डीएनएचा वाटा कमी भरतो आणि चाचणी निष्कर्षच देऊ शकत नाही.

दुसरे कारण निव्वळ अंकगणिताचे आहे आणि ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे असे आहे. समजा, एखादी चाचणी १०० सदोष गर्भांपैकी ९९ पकडते आणि १००० निरोगी गर्भांपैकी एकालाच चुकून सदोष ठरवते. दर १००० गर्भांत एक सदोष असेल, तर १०,००० स्त्रियांत खरे सदोष गर्भ १० असतील आणि ते जवळपास सर्व सापडतील. पण उरलेल्या ९,९९० निरोगी गर्भांतील सुमारे १० सुद्धा सदोष ठरतील. म्हणजे 'सदोष' असा अहवाल हाती आलेल्या दर दोन स्त्रियांपैकी एकीचे बाळ निरोगी असेल. हीच चाचणी दर १०० मध्ये एक सदोष असलेल्या गटात वापरली, तर असा अहवाल दहांतल्या नऊ वेळा खरा ठरतो. चाचणी तीच, अचूकता तीच. तरीही वयाने लहान व वयाने मोठ्या मातेसाठी त्याच अहवालाचा अर्थ वेगळा होतो.

== लिंगनिदानाचा प्रश्न आणि भारत ==

लो यांचे पहिले प्रयोग वाय गुणसूत्रावर आधारलेले होते, म्हणजे त्यांतून गर्भाचे लिंग कळत होते. हिमोफिलियासारख्या मुख्यतः मुलग्यांना होणाऱ्या आनुवंशिक विकारांत या माहितीला वैद्यकीय उपयोग आहे. परंतु जेथे मुलगी नको म्हणून गर्भपात केले जातात, तेथे नवव्या-दहाव्या आठवड्यातच, नुसत्या रक्ताच्या थेंबांवरून लिंग सांगू शकणारे तंत्र हा गंभीर प्रश्न ठरतो. सोनोग्राफीला यंत्र व खोली लागते; रक्ताची नळी मात्र कुठेही पाठवता येते.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नव्हता. गर्भजल तपासणीचा लिंगनिदानासाठी होणारा गैरवापर रोखणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला. त्यानंतर १९९४ मध्ये केंद्रीय कायदा आला. त्याची अंमलबजावणी होत नसल्याबद्दल मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' या संस्था आणि साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. २००३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर हा कायदा गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदानतंत्रे (लिंगनिवड प्रतिबंध) कायदा म्हणून ओळखला जातो. त्यातील प्रसवपूर्व चाचणीच्या व्याख्येत गर्भवतीच्या रक्ताची तपासणीही येते. त्यामुळे एनआयपीटीलाही हा कायदा लागू आहे आणि भारतातील अहवालांत गर्भाचे लिंग सांगता येत नाही. शून्य ते सहा वर्षे वयोगटात महाराष्ट्रातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ झाली. ही घट एनआयपीटी भारतात रूढ होण्यापूर्वीची आहे.

== पेटंटचा वाद ==

१९९७ च्या शोधावर लो व वेन्सकोट यांच्या नावे अमेरिकेत २००१ मध्ये पेटंट मंजूर झाले. त्याची मालकी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कंपनीकडे होती आणि वापराचा परवाना सिक्वेनॉम या अमेरिकी कंपनीकडे. एनआयपीटीची बाजारपेठ उभी राहताच एरिओसा डायग्नोस्टिक्सशी सिक्वेनॉमचा खटला सुरू झाला. गर्भाचा डीएनए आईच्या रक्तात असणे ही निसर्गातील घटना आहे आणि तो वाढवून ओळखण्याच्या पद्धती आधीच माहीत होत्या, या कारणास्तव जून २०१५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने पेटंटचे आव्हानित दावे अपात्र ठरवले. शोध क्रांतिकारक असू शकतो, पण तेवढ्याने तो पेटंटयोग्य होत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. न्यायाधीश लिन यांनी स्वतंत्र मतपत्रात या निकालाशी आपण केवळ आधीच्या सर्वोच्च न्यायालयीन निर्णयामुळे बांधील असल्याचे म्हटले. जून २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. वैद्यकीय निदानाच्या पेटंटांविषयीच्या चर्चेत हा खटला आजही उद्धृत केला जातो.

== कर्करोगाकडे ==

कर्करोगाच्या संशोधनातून आलेली कल्पना लो यांनी पुन्हा कर्करोगाकडे वळवली. दक्षिण चीन व हाँगकाँगमध्ये नाकामागील घशाचा कर्करोग तुलनेने अधिक आढळतो आणि तेथे त्याचा एपस्टाईन-बार विषाणूशी निकटचा संबंध आहे. रक्तद्रवातील या विषाणूचा डीएनए मोजून हा कर्करोग ओळखण्याचे काम त्यांच्या गटाने १९९९ पासून केले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोणतीही लक्षणे नसलेल्या २०,१७४ पुरुषांची अशी तपासणी करण्यात आली. त्यांत ३४ जणांना हा कर्करोग आढळला आणि त्यांपैकी बहुतेकांचा रोग सुरुवातीच्या टप्प्यात होता. लो सहसंस्थापक असलेली 'सिरिना' ही कंपनी त्याच वर्षी अमेरिकेतील 'ग्रेल' या कंपनीत विलीन झाली.

== सन्मान ==

लो यांची २०११ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे परदेशी सदस्य म्हणून निवड झाली. त्यांना २०१४ मध्ये किंग फैसल आंतरराष्ट्रीय पुरस्कार (वैद्यक), २०१६ मध्ये चीनमधील फ्यूचर सायन्स पुरस्कार, २०२१ चा जीवविज्ञानातील ब्रेकथ्रू पुरस्कार, त्याच वर्षी रॉयल सोसायटीचे रॉयल पदक आणि २०२२ मध्ये लास्कर-डबेकी रुग्णालयीन वैद्यकीय संशोधन पुरस्कार मिळाला.